बाळाला ऐकू येतंय का? थाळी वाजवून कळत नाही

बाळाजवळ थाळी वाजवायची आणि ते दचकलं की 'ऐकू येतंय' म्हणायचं, ही घराघरांतली परीक्षा फसवी आहे. थाळीबरोबर अंथरुणाला हादरा बसतो, आजीचा हातही बाळाला दिसतो. थोडंफार ऐकू येणारं मूल मोठ्या आवाजाला दचकतं, पण बोलण्यातले 'स', 'श' त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. शिवाय अजिबात न ऐकणारं बाळही पहिले काही महिने हुंकार देतं. शंका येते ती बोल फुटत नाहीत तेव्हा. मग 'याचा बापही उशिराच बोलला' म्हणत आणखी वर्ष जातं.

खरी तपासणी सोपी आहे. निरोगी आंतरकर्णातल्या केसपेशी आवाज आला की स्वतःही हलतात आणि त्यातून अतिशय क्षीण ध्वनी उलट बाहेर पडतो. १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी हा ध्वनी टिपला. त्यावर आधारलेल्या 'ओएई' तपासणीत झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडी ठेवतात. सुई नाही, भूल नाही, काही मिनिटांत निकाल. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी कानात चिकट द्रव असल्याने निकाल चुकू शकतो, म्हणून पुन्हा तपासावं लागतं. दुसऱ्यांदाही प्रतिसाद नाही आला, तर कानाच्या नसेचा प्रतिसाद मोजणारी 'बेरा' चाचणी. काचेच्या पेटीत राहिलेल्या किंवा कावीळ खूप वाढलेल्या बाळांची 'बेरा' करायलाच हवी, कारण दोष कानाच्या नसेत असेल तर ओएईत तो सुटतो.

पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, असं हे जगभर मान्य वेळापत्रक आहे. सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा सरस ठरते, हे अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या अभ्यासाने १९९८ मध्येच दाखवलं.

आता हे वेळापत्रक कोल्हापूर जिल्ह्यात ठेवून पाहा. पहिलं बाळंतपण माहेरी. सव्वा महिना बाळ-बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. म्हणजे दुसऱ्या तपासणीचे दिवस नेमके त्यातच जातात. मग मुलगी सासरी, बहुधा दुसऱ्या तालुक्यात, आणि आशाताईही दुसऱ्या. ऊसतोडणीला आलेल्या कुटुंबाचं तर बाळ जन्मतं एका जिल्ह्यात आणि हंगाम संपताच बैलगाडी-ट्रकमधून निघतं दुसऱ्या. तपासणी होऊनही बाळं हरवतात ती या वाटेवर. माझ्या मते खरा प्रश्न यंत्रापेक्षा या वाटेचा आहे.

आशाताई बेचाळीस दिवसांत सहा-सात वेळा घरी जातातच. पुढच्या चाचणीची तारीख माता-बाल कार्डावर लिहून सासरच्या आशाताईंना फोनने कळवली, तर धागा तुटणार नाही. कोचीत २००३ पासून एकच यंत्र घेऊन तंत्रज्ञ दर आठवड्याला निरनिराळ्या दवाखान्यांत जाऊ लागले. तमिळनाडूत गावातल्याच प्रशिक्षित बायकांनी घरोघरी मुलांचे कान तपासले. पालघरहून २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे, म्हणजे सरकारी चौकट आपल्याकडे तयार आहे.

'आमच्यात कुणी बहिरं नाही' हा दिलासाही पुरेसा नाही. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्नं होतात. दोघांना उत्तम ऐकू येत असलं, तरी दोघांकडे एकच सदोष जनुक असू शकतं. तसं असेल तर प्रत्येक गरोदरपणात बहिरेपणाची शक्यता चारात एक. यात ग्रहणाचा संबंध नाही आणि आईचा दोष तर मुळीच नाही. तिला बोल लावणाऱ्या घरात ती तपासणीचा कागद लपवते, हे आरोग्यसेवकांनी ओळखायला हवं.

निदानानंतर श्रवणयंत्र काही महिन्यांच्या बाळालाही बसतं. गरज पडल्यास पाच वर्षांच्या आतल्या मुलांना केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांटसाठी मदत मिळते. त्यासाठी मुंबईची अली यावर जंग संस्था काम पाहते. पण बाळाचा कान भराभर वाढतो, यंत्राचा साचा सैल होतो, शिट्टी वाजू लागते आणि पहिल्या वर्षात तो वरचेवर नवा करावा लागतो. चंदगडच्या आईने त्यासाठी दर वेळी रोजगार बुडवून शंभर किलोमीटरहून लांब कोल्हापूरला यायचं, की साच्याचं माप घेणाऱ्याने महिन्यातून एकदा तिच्या ग्रामीण रुग्णालयात बसायचं?