उद्याचा हक्क आज विकू नये

अमेरिकेतील एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये नवे खेळाडू ‘ड्राफ्ट’मधून निवडले जातात. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली निवड. 1936 पासूनचा हा नियम दुबळ्याला उभे राहण्याची संधी देतो. प्रश्न असा, की वरचा क्रमांक मिळवण्यासाठी पुढील वर्षांच्या निवडी द्याव्यात, की खाली सरकून जास्त निवडी घ्याव्यात?

2012 मध्ये वॉशिंग्टनने सहाव्यावरून दुसऱ्या क्रमांकावर येण्यासाठी सेंट लुईसला पहिल्या फेरीच्या तीन वर्षांच्या निवडी आणि दुसऱ्या फेरीची एक निवड दिली. रॉबर्ट ग्रिफिन आला, पहिले वर्ष गाजले, मग गुडघा जायबंदी झाला. 2013 मध्ये संघ 16 पैकी 13 सामने हरला. या पराभवाने मिळालेली दुसऱ्या क्रमांकाची निवड 2014 मध्ये कोणी वापरली? सेंट लुईसने!

2017 मध्ये कॅन्सस सिटीने वर सरकून पॅट्रिक माहोम्स घेतला आणि पुढे जेतेपदे जिंकली, हे खरे. पण एका निकालावरून सगळे खटले ठरत नाहीत. संशोधक केड मॅसी व रिचर्ड थेलर यांनी दाखवून दिले आहे, की संघ वरच्या निवडींना अवाजवी किंमत देतात. मुळाशी असतो आपल्या पारखीवरचा फाजील विश्वास.

आमचे स्पष्ट मत आहे : क्वार्टरबॅकची जागा रिकामी असेल तरच वर जाण्याचा विचार करावा. एरवी खाली सरकावे, निवडी वाढवाव्यात. दुबळ्यासाठी राखलेला हक्क एका नावावर उधळणाऱ्याला उद्या दाद कुठे मागता येणार?