फोनला कुलूप कोणते : चेहरा, अंगठा की आकडा?



लागणीपासून बिलापर्यंतच्या गोष्टी या पानांतून आम्ही नेहमीच मांडत असतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. तो आहे मोबाईलच्या कुलपाचा. "हे शहरातल्या पोरांचं खूळ, आपल्याला काय त्याचं?" असे कोणी म्हणेल. पण उसाची नोंद, वजनाचा मेसेज, पहिली उचल खात्यावर जमा झाल्याची खबर, हे सगळे आता त्या खिशातल्या डबीत येते. तिजोरी खिशात घेऊन हिंडायचे आणि कुलपाचा विचार मात्र करायचा नाही, हे कसे चालेल?

निमित्त घडले ते ठाणे-डोंबिवलीच्या प्रवासाचे. आपल्या भागातल्या पुष्कळ घरांची मुले-मुली आज तिकडे नोकरीला आहेत. कोणी वागळे इस्टेटमध्ये, कोणी डोंबिवलीच्या एमआयडीसीत, कोणी कल्याणहून रोज मुंबई गाठणारे. मध्यंतरी कामानिमित्त आम्ही तिकडे गेलो. सोबत एक वडीलधारे सभासद होते. "नाव छापू नका," ही त्यांची अट, म्हणून नाव सांगत नाही. ते डोंबिवलीला लेकीकडे निघाले होते.

कळव्याचा फटका

संध्याकाळची धीमी लोकल. ठाण्याला जी गर्दी आत शिरली ती पाहून आम्हाला गव्हाणीत पडणाऱ्या मोळ्यांची आठवण झाली. आमचे सभासद वाऱ्यासाठी दाराशी उभे राहिले. कळवा सुटले तसा त्यांनी फोन काढला आणि लेकीला सांगू लागले, "कळवा गेलं गं, आता..." वाक्य पुरे झाले नाही. रुळालगत उभ्या असलेल्या कोणीतरी काठीचा फटका हातावर हाणला. फोन खाली, गाडी पुढे.

डब्यातल्या एकालाही नवल वाटले नाही. "फटका मारला, काका. दारात फोन काढायचा नसतो," असे एक पोरगा शांतपणे म्हणाला. या पट्ट्यात अशा चोरांना फटका गँग हेच नाव पडले आहे. हात सुजला, पण माणूस दारातून खाली गेला नाही, हे नशीब. मे २०२१ मध्ये याच कळवा स्थानकात मोबाईल हिसकावणाऱ्या चोराशी झालेल्या झटापटीत डोंबिवलीच्या एका महिलेचा गाडीखाली जीव गेला होता. तेव्हा पहिली गोष्ट हीच ध्यानात ठेवावी : फोन गेला तर जाऊ द्यावा, त्याच्यामागे उडी टाकू नये.

डोंबिवलीला उतरलो तेव्हा सभासदांचा चेहरा पांढरा पडला होता. तीन दिवसांपूर्वीच उचल जमा झालेली. घरी गेल्यावर लेकीने विचारले, "अण्णा, फोनला लॉक होतं ना?"

"होतं की. चार आकडी."

"आकडे कुणाला माहीत आहेत?"

अण्णा गप्प. मग हळूच म्हणाले, "विसरायला होतं म्हणून चिठ्ठीवर लिहून फोनच्या कव्हरातच ठेवले होते."

शिवाय फटका बसला तेव्हा फोन उघडाच होता, बोलणे चालू होते. म्हणजे कुलूप होते, पण दार सताड उघडे आणि किल्ली उंबऱ्यावर! लेकीने पाव तासात सिमकार्ड बंद करवले, बँकेला कळवले, मग रेल्वे पोलिसांत तक्रार दिली. पैसे वाचले. पण रात्रभर त्या घरात कोणाला झोप नव्हती. त्या रात्री बसून जे बोलणे झाले, तेच पुढे मांडत आहोत.

नांगराच्या निशाणीपासून

ओळख पटवण्याचा प्रश्न आपल्याला नवा नाही. लिहिता न येणारा आपला पूर्वज सावकाराच्या खतावर सहीऐवजी नांगराची निशाणी करी. नांगर कोणाच्याही हाताने निघतो. खतात काय लिहिले आहे तेही त्याला वाचता येत नसे. मे १८७५ मध्ये सुप्याला शेतकरी उठले ते अशी खतेपत्रे ताब्यात घेऊन जाळण्यासाठीच, आणि १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

बंगालमध्ये हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८५८ साली एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. १८९७ साली कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी उघडली. तेव्हापासून अंगठा ही माणसाची खूण ठरली. पुढे २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार दिले गेले. दहा बोटे आणि दोन डोळे सरकारदरबारी नोंदले गेले. खिशातल्या फोनला अंगठा रुळला तो साधारण २०१३ नंतर आणि चेहरा २०१७ नंतर.

आता तीन कुलपे एकेक करून काट्यावर घेऊ. काट्यावर आपण भरली गाडी तोलतो, तशीच रिकामीही तोलतो, तेव्हा कुठे निव्वळ वजन कळते. इथेही सोय आणि धोका दोन्ही तोलायचे.

आकडा

चार आकडी कुलपाचे दहा हजार प्रकार होतात, सहा आकडीचे दहा लाख. दोनच आकडे वाढवले की काम शंभरपट अवघड. त्यात चुकीचे आकडे टाकत राहिले की फोन थांबवून ठेवतो, म्हणून अंदाजाने उघडणे सोपे नाही. पण आपण आकडे कोणते ठेवतो? १२३४, जन्मसाल, गाडीचा नंबर, नाहीतर सभासद क्रमांक! गावात हे कोणाला माहीत नसते?

दुसरा धोका गर्दीचा. ठाण्याच्या फलाटावर किंवा डोंबिवलीच्या पुलावर खांद्याला खांदा लागलेला असतो. तुम्ही आकडे दाबता आणि मागचा पाहतो. तसाच फोन गेला तर किल्लीसकट गेला समजा.

तरीही आकड्याला सुटका नाही. अंगठा लावा की चेहरा, फोन बंद करून चालू केला, बोट चार-पाचदा चुकले किंवा फार दिवस आकडे टाकले नाहीत, की फोन आकडेच मागतो. आकडा ही घराची मूळ किल्ली. अंगठा आणि चेहरा या तिच्यावरून केलेल्या जोडकिल्ल्या. ज्याला आकडे ठाऊक, तो आपले बोटही तुमच्या फोनात नोंदवू शकतो, हे विसरू नये.

अंगठा

सोय मोठी. गर्दीत कोणी पाहिले तरी त्याच्या हाती काही लागत नाही. शहरात रोज लोकलने जाणाऱ्या मुलामुलींना हे चांगले. पण आपले हात? पाचटाने चिरलेले, खुरप्याच्या मुठीने घासलेले, खताने भेगाळलेले. "आवो, माझा अंगठा रेशनच्या मशीनला उठत नाही, तो फोनला काय उठणार?" अण्णांचे हे बोलणे कितीतरी घरांतले आहे. उपाय साधा आहे. हात धुऊन कोरडे करून नोंद करावी, एकच बोट दोनदा नोंदवावे, आणि कामात कमी घासले जाणारे बोट, जसे डाव्या हाताची अनामिका, तेही नोंदवून ठेवावे.

धोका दोन ठिकाणी. आजोबा दुपारचे आडवे झाले की नातू हळूच त्यांचे बोट लावून फोन उघडतो, हा एक. दुसरा भलतीकडचा. फोनात नोंदलेला ठसा फोनच्या आतच एका राखीव कप्प्यात राहतो, तो बाहेर जात नाही. आधारचा ठसा मात्र वेगळा. जमिनीच्या खरेदीखतांच्या नकलांवरून अंगठ्याचे ठसे उचलायचे, त्यांचे सिलिकॉनचे नकली अंगठे करायचे आणि आधारवरून खात्यातले पैसे काढायचे, असे प्रकार काही राज्यांत पोलिसांनी उघडकीस आणले आहेत. यावर उपाय म्हणजे आधारमधले बायोमेट्रिक लॉक. मुलांकडून ते लावून घ्यावे, लागेल तेव्हा उघडता येते. आकडा फुटला तर बदलता येतो. अंगठा जन्माचा एकच.

चेहरा

चेहऱ्याच्या कुलपाचे दोन प्रकार आहेत, आणि दुकानदार ते सांगत नाहीत. महागड्या फोनांपैकी काहींत तोंडावर न दिसणारे तीस हजारांहून जास्त प्रकाशठिपके टाकून नाक-डोळ्यांची खोली मोजली जाते. हे कुलूप पक्के. अनोळखी माणसाच्या चेहऱ्याने ते उघडण्याची शक्यता दहा लाखांत एक, असे ॲपल कंपनी सांगते. त्याच कंपनीने अंगठ्यासाठी पन्नास हजारांत एक सांगितली होती. पण जुळी भावंडे, सारखी दिसणारी भावंडे आणि लहान मुले यांच्या बाबतीत फसगतीचा संभव वाढतो, असेही तीच कंपनी सांगते.

आपल्या हाती जे दहा-पंधरा हजारांचे फोन असतात, त्यांतले बहुतेक साध्या कॅमेऱ्याने फक्त छबी पाहतात. तिथे फोटो दाखवून किंवा तोंडावळा सारखा असलेल्या भावाकडूनही फोन उघडू शकतो. सेटिंगमध्ये तसा इशाराही बऱ्याच फोनांत लिहिलेला असतो, पण तो वाचतो कोण? अशा फोनवर चेहऱ्याचे कुलूप लावू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र सरकारी कामातला चेहरा वेगळा. निवृत्तांच्या हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबर २०२१ पासून आणि पीएम-किसानच्या ई-केवायसीसाठी जून २०२३ पासून चेहरा चालतो. तिथे तो आधारच्या नोंदीशी ताडून पाहिला जातो. ज्यांचे अंगठे झिजले आहेत, त्यांनी त्याचा फायदा जरूर घ्यावा.

निव्वळ वजन

तेव्हा सभासदांनी काय करावे? मूळ किल्ली सहा आकडी ठेवावी, आणि ती जन्मसाल किंवा गाडी नंबर नसावी. त्यावर अंगठा लावावा, बोट उठत नसेल तर नुसते आकडेही पुरेत. फोन तीस सेकंदांत आपोआप बंद होईल असे ठेवावे. अण्णांसारखा उघडा फोन हिसकावला गेला तर नुसत्या कुलपाने भागत नाही. म्हणून अँड्रॉइड फोनात २०२४ पासून आलेली, हिसका बसताच पडदा बंद करणारी सोय असेल तर चालू करावी.

यूपीआयचा पिन फोनच्या आकड्यांपेक्षा निराळा ठेवावा. ऑक्टोबर २०२५ मध्ये पिनऐवजी बोट किंवा चेहऱ्याने पैसे देण्याचीही सोय जाहीर झाली आहे. ती ऐच्छिक आहे. फोनात नातवाचे बोट नोंदलेले असेल तर ती घेण्याआधी दहादा विचार करावा.

सिमकार्डलाही वेगळे कुलूप असते, ते लावावे. नाहीतर चोर सिम काढून दुसऱ्या फोनात घालतो आणि ओटीपी त्याच्या हाती पडतो. फोन बंद असतानाही पडद्यावर मेसेज दिसत असतील तर तेही बंद करावे.

फोन गेलाच, तर आधी सिम आणि बँक बंद करावी, मग तक्रार. पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर ताबडतोब कळवावे. तक्रारीची प्रत मिळाली की संचार साथीवर फोनच बंद पाडता येतो. त्याला आयएमईआय नंबर लागतो. तो *#०६# दाबल्यावर दिसतो. आजच तो घरातल्या वहीत, पासबुकाशेजारी लिहून ठेवा. फोनच्या कव्हरात नव्हे.

शेवटी एक जड गोष्ट. गेल्या साली आपल्या एका गटातले सभासद अचानक वारले. फोनचे आकडे कोणालाच ठाऊक नव्हते. गेलेल्या माणसाचे बोट फोन ओळखेल, याचा भरवसा नसतो. फोन पुसून नव्याने चालू केला तेव्हा उघडला, पण उधारीचे हिशेब आणि फोटो गेले. मालकिणीला पैशाहून त्या फोटोंचे दुःख जास्त झाले. म्हणून आकडे सगळ्या गावाला सांगू नयेत, पण घरात एका विश्वासाच्या माणसाला ते माहीत असावेत, किंवा बंद पाकिटात घालून कपाटात ठेवावेत. शेअर्सची आणि बँक खात्याची वारसनोंद करून घ्यावी, ती फोनच्या भरवशावर सोडू नये.

अण्णांनी नवा फोन घेतला आहे. कव्हरात आता चिठ्ठी नाही, मुलीचा फोटो आहे. आकडे कोणते ठेवलेत, असे आम्ही सहज विचारले. ते हसले आणि म्हणाले, "आता तुम्हालाबी सांगायचे नाहीत, साहेब."