पुरी येथील यात्रीगृहांची परवाना-फी

नागपूरकर भोसल्यांच्या अमलांत जगन्नाथपुरीस यात्रेकरूंकडून कर घेत असत, हें मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहेच. इ. स. १८०३ त ओरिसा कंपनीकडे गेला. कंपनीनें १८०६ सालीं आपल्या नियमानें हा कर बसविला आणि १८४० च्या दहाव्या कायद्यानें पुरी, गया व प्रयाग या तिन्ही क्षेत्रांचा यात्राकर उठविला. पुढें एकतीस वर्षांनीं यात्रेकरूंच्या निमित्तानें पुरीस निराळी रक्कम घेण्याचा कायदा झाला. तें जुन्या कराचेंच रूपांतर होतें काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१८६६ सालच्या कॉन्स्टँटिनोपल येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेनें पटकीच्या फैलावाचें एक मोठें कारण म्हणून यात्रांकडे बोट दाखविलें. पुरीस रथयात्रेच्या दिवसांत कोंदट खोल्यांतून माणसें दाटीनें निजत. यावर उपाय म्हणून बंगालचा १८७१ चा चौथा कायदा झाला. परवान्यावांचून यात्रेकरूंस भाड्यानें उतरवूं नये. घरांत किती माणसें राहूं शकतील तें आरोग्याधिकाऱ्यानें पाहून दाखला द्यावा. फी त्या संख्येच्या मानानें असावी. आणि जमलेला निधि आरोग्याच्या व्यवस्थेकडे लावावा, असा त्याचा सारांश. १८६७ च्या सराई कायद्यांत नोंदणी होती, पण नोंदणीस फी नव्हती. येथें परवान्यास मोल आलें.

या रचनेंत एक पेंच आहे. जी संख्या आरोग्याची मर्यादा, तीच फीचें माप. संख्या कमी लिहवून घेतली तर फी वांचते. मग जास्त माणसें भरण्याचा मोह घरमालकास होणारच. म्हणून तपासणीवांचून परवाना निरर्थक होय. शिवाय फी मालकानें भरली तरी ती भाड्यांत मिळून अखेर यात्रेकरूवरच पडावयाची.

तथापि एक भेद राहतोच. जुना कर हा राज्याच्या उत्पन्नाची बाब होता. ही फी ठराविक कामास बांधलेली होती. शिरूर मठाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं हाच भेद मांडला : फीच्या मागें विशिष्ट सेवा असते, कराच्या मागें ती असावीच असें नाहीं. तेव्हां पुरीची रक्कम फी होती कीं कर, याचा निर्णय कायद्यांतील नांवावरून होत नाहीं. तो निधीच्या जमाखर्चाच्या वह्यांवरूनच करावा लागेल.