घाट चढताना ठिणगी कुठे जाते?

शिरवळपासून खंडाळ्यापर्यंत गाडी सुतासारखी सरळ येते. खंडाळा सुटतो, साताऱ्याकडे तोंड करून खंबाटकीचा चढ सुरू होतो, तुम्ही रेस वाढवता आणि वडिलांच्या काळातली बजाज चेतक अडखळायला लागते. मध्येच एक ठोका गायब, मग दोन. गॅरेजच्या भाषेत, गाडी 'मिसिंग' मारतेय.

तुम्ही कडेला थांबता. उजव्या बाजूचं फुगीर झाकण काढून प्लग खोलता, त्याला कॅप लावून इंजिनाच्या धातूला टेकवता आणि किक मारता. (आसपास पेट्रोल सांडलेलं असेल, तर हा प्रयोग करूच नका.) टच्‌! निळी ठिणगी उडते. म्हणजे प्लग शाबूत? मग घाटातच काय होतं त्याला?

उत्तर दडलंय हवेच्या दाबात. १८८९ साली फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं, की वायूतून ठिणगी उडवायला किती व्होल्ट लागतील हे दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: मधली फट आणि वायूचा दाब. तुमच्या हातातला प्लग मोकळ्या हवेत आहे. तिथे अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची फट ओलांडायला दोन-तीन हजार व्होल्ट पुरतात. इंजिनात मात्र पिस्टनने हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबून ठासलेलं असतं. त्या गर्दीतून वाट काढायला दहा हजार व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात!

आणि चढावर? रेस दिली की जास्त मिश्रण आत शिरतं, म्हणजे दाब आणखी वाढतो. सपाटीवर निभावून नेणारा प्लग नेमका इथे हरतो. घाट ही प्लगची खरी परीक्षा आहे, हातातली ठिणगी नव्हे.

एवढे हजारो व्होल्ट येतात कुठून, हेही ऐकण्यासारखं आहे. नळ झटकन बंद केला की पाइप कसा धाडकन हादरतो! जुन्या गाडीत 'पॉइंट' नावाची कळ उघडते तेव्हा कॉइलमधला प्रवाह असाच अचानक तुटतो, त्याच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि शेजारच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्ट उसळतात. वीज थांबवली म्हणून वीज उसळली! मात्र कॉइलची ताकद अमर्याद नसते. प्लगने तिच्यापेक्षा जास्त मागितलं, की ठिणगी पडतच नाही.

जुना प्लग जास्त मागतो, कारण त्याची धार गेलेली असते. नवा प्लग डोळ्यांजवळ धरा. मधल्या दांडीच्या कडा काटकोनात, कोरीव दिसतील. विजेला टोकं आणि कडा आवडतात, इमारतीवरचा तडितवाहक टोकदार असतो तो काही उगाच नाही. जुन्या प्लगच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या असतात आणि फटही रुंदावलेली असते.

आता मधल्या दांडीभोवतीचं प्लगचं पांढरं नाक बघा, ही तर इंजिनाची डायरीच. एका क्षणी त्याच्याभोवती दोन हजार अंशांहून तापलेला वायू, पुढच्याच क्षणी ताजं, गार मिश्रण. तरी ते तडकत नाही! त्याचा रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखा तपकिरी असेल, तर सगळं कुशल. चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखी कोरडी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय. तेलकट, ओला काळा असेल, तर तेल जास्त. आणि पांढराफटक, फोड आल्यासारखा असेल, तर प्लग जास्त तापतोय, बहुधा पेट्रोल कमी पडतंय. काजळी विजेला वाट देते, म्हणून वीज फट ओलांडायच्या ऐवजी काजळीवरूनच सरपटत निसटते. चांगला प्लग मात्र स्वतःला साफ करतो: नाक साधारण ४५०-५०० अंशांवर गेलं की काजळी जळून जाते. म्हणून गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचा प्लग लवकर काळा पडतो आणि हायवेवर पळणाऱ्या गाडीचा स्वच्छ राहतो.

प्रीमियर पद्मिनीसारख्या चार सिलिंडरच्या गाडीत तर गुन्हेगार पकडायची युक्ती फारच सुंदर. संशयित प्लग काढून शेजारच्या सिलिंडरमध्ये बसवा. मिसिंग प्लगबरोबर सरकलं, तर दोष प्लगचा. जागेवरच राहिलं, तर वायर, व्हॉल्व्ह किंवा आणखी काही. एका पान्यात अख्खा तर्कशास्त्राचा तास!

नवा प्लग बसवण्याआधी फट मात्र मोजा. चेतकला साधारण ०.६ मिलिमीटर लागते. फीलर गेज नसेल तर हॅक्सॉचं पातं चालतं, तेही जवळपास तेवढंच जाड असतं.

आणि जुना प्लग लगेच फेकू नका, एक हिशेब करूया. त्याची फट १०,००० किलोमीटरमध्ये ०.२ मिलिमीटरने वाढली असं धरा, म्हणजे जेमतेम दोन-तीन केसांएवढी. ताशी ४० च्या वेगाने हे अंतर २५० तासांचं. मिनिटाला ४,००० फेरे धरले, तर टू-स्ट्रोक चेतकमध्ये दर फेऱ्याला एक, अशा ६ कोटी ठिणग्या झाल्या. ०.२ मिलिमीटरला ६ कोटींनी भागा. एका ठिणगीच्या वाट्याला एका अणूच्या जाडीइतकीही झीज येत नाही! साधारण ७५ ठिणग्या मिळून अणूंचा एक थर जातो, आणि ७५ ठिणग्या पडायला लागतो सेकंदाहून थोडाच जास्त वेळ. तुम्ही खंबाटकी चढत होता, तेव्हा सेकंदा-सव्वासेकंदाला धातूचा एकेक थर सुटत होता, धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर पडत होता आणि घाटातल्या झाडांवर जाऊन बसत होता.