हसताना तार दिसू नये म्हणून


शिवारफेरीत काही सभासद तोंडावर हात धरून बोलतात. काढता-घालता येणाऱ्या अर्ध्या कवळीची तार पुढे चमकते ना! मग कवळी कोनाड्यात पडते, अन् जेवणाचे हाल होतात.

तारेच्या आकड्यानेच कवळी धरून राहते, पण त्याची जागा ठरवता येते. शक्य तिथे तो मागच्या दातावर घेतात, नाहीतर हिरडीच्या बाजूने बारीक आणतात. दाताच्या रंगाचा आकडाही मिळतो. तो धातूपेक्षा जाड ठेवावा लागतो.

नाशकात पंचवटीला दंत महाविद्यालय आहे. तिथे किंवा आपल्या डॉक्टरांना माप देण्याआधीच विचारा, “हसल्यावर तार कुठं दिसेल?” सरीचं अंतर आपण लागणीआधीच ठरवतो, तसंच हे.

आणि हो, कवळीनं ऊस सोलू नका!