‘माझी गाडी कुठंय?’ : अपघातानंतर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा का येतो

हे आपल्या या आठवड्याच्या भागाचं शब्दांकन. लोकलमध्ये नेटवर्क जातं किंवा हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून इअरफोन लावणं बरं दिसत नाही, अशांसाठी. बोलताना जसं आलं, तसंच बरंचसं ठेवलंय.

एरवी आपण इथे नोकरी, ॲप, घरभाडं असल्या गोष्टींवर बोलतो. आज जरा वेगळं. मागच्या पावसाळ्यात माझ्या नवऱ्याचा बाइकवर अपघात झाला. साताऱ्याहून पुण्याला येत होता, शिरवळच्या अलीकडे ओल्या रस्त्यावर गाडी घसरली. समोर कोणी नव्हतं, कोणाची चूक नव्हती. दुपारी मीच फोनवर म्हटलं होतं, “सातच्या आत ये, नाहीतर मी एकटी जाते.” आईकडे जेवायला जायचं होतं, एवढंच. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

रस्त्यावरच्या लोकांनी १०८ ला फोन लावला. जवळच्या दवाखान्यात पायाला आधार बांधून त्याला पुण्याला पाठवलं. डाव्या मांडीचं हाड मोडलं होतं आणि डोक्याला मार. फुल फेस हेल्मेट होतं, पट्टाही लावलेला होता. तरीही मेंदूच्या पुढच्या भागाला सूज आणि थोडा रक्तस्राव सीटी स्कॅनमध्ये दिसला. ऑपरेशन डोक्याचं नाही, पायाचं होणार होतं. मांडीच्या हाडात रॉड.

पहिल्या रात्री डॉक्टर म्हणाले, “जीसीएस चौदा आहे.” मी इंजिनिअर ना! पंधरापैकी चौदा म्हणजे त्र्याण्णव टक्के, असं मनात करून मोकळी झाले. तसं नसतं ते. ग्लासगो कोमा स्केल १९७४ साली स्कॉटलंडमध्ये तयार झाली. डोळे उघडण्याला चार, बोलण्याला पाच, हालचालीला सहा गुण. काहीच प्रतिसाद नसला तरी प्रत्येकी एक मिळतोच, म्हणजे सुरुवातच तीनपासून. आमचा एक गुण गेला होता तो बोलण्यात. तो बोलत होता, पण गोंधळलेला होता. त्या एका गुणाने पुढचे दिवस खाल्ले.

दुसऱ्या दिवशी आयसीयूत पाच मिनिटं आत सोडलं. त्याने मला ओळखलं, हसला. मग विचारलं, “माझी गाडी कुठंय?” मी सांगितलं, शिरवळला पोलीस चौकीत. “बरं.” अर्ध्या मिनिटाने पुन्हा, “अगं, गाडी कुठंय?” पुन्हा सांगितलं. पाच मिनिटांत सात वेळा. शेवटच्या वेळी माझा आवाज चढला. “अरे, आत्ताच सांगितलं ना!” तो घाबरला. लहान मूल घाबरतं ना, तसा.

बाहेर येऊन रडले. सासूबाई म्हणाल्या, “त्याला गाडीचं वेडच आहे, तुला माहितीये ना.” मलाही तसंच वाटलं, हा हट्ट आहे. रात्रपाळीच्या सिस्टरने शेवटी उभ्या उभ्या समजावलं, आणि नंतर न्यूरोच्या डॉक्टरांनी नीट.

याला पोस्ट ट्रॉमॅटिक ॲम्नेशिया म्हणतात. माणूस शुद्धीत असतो, बोलतो, जेवतो, पण मेंदू नवीन आठवणी साठवत नसतो. आपल्या भाषेत सांगते: स्क्रीनवर सगळं चालू दिसतं, पण सेव्ह काहीच होत नाही. तुम्ही उत्तर दिलंत, त्याला त्या क्षणी कळलं, समाधान झालं आणि पुसलं गेलं. त्याच्या दृष्टीने तो प्रत्येक वेळी पहिल्यांदाच विचारतोय. म्हणून ‘आत्ताच सांगितलं ना’ हे वाक्य निरुपयोगी आहे. निरुपयोगी कसलं, त्रासदायक आहे. समोरचा चिडलाय एवढं त्याला कळतं, का चिडलाय ते कळत नाही. जुनं मात्र बरंचसं शाबूत असतं. लग्नाची तारीख, पहिल्या कंपनीतल्या बॉसचं नाव, सगळं. त्यामुळे नातेवाइकांना वाटतं, ‘हा तर एकदम नॉर्मल आहे.’

हा काळ किती लांबतो, यावरून डॉक्टर इजेचा अंदाज बांधतात. काहींचा काही तासांत संपतो, काहींचा काही आठवडे चालतो. आमचा नऊ दिवस चालला.

या काळात काय करायचं? मी जे चुकत माकत शिकले ते सांगते. उत्तर दर वेळी तेच, तेवढंच छोटं द्यायचं. “गाडी चौकीत आहे, सुरक्षित आहे.” शब्द बदलले की त्याला नवा धागा सापडायचा आणि गोंधळ वाढायचा. परीक्षा घ्यायची नाही. भेटायला येणारे काका, मावश्या हमखास विचारतात, “मला ओळखलंस का? सांग बरं कोण?” प्रेमानेच विचारतात, पण नाव आलं नाही की पेशंटचा चेहरा पडतो. मी मग आत शिरतानाच बोलायला लागले, “मी आलेय. आज गुरुवार. तू पुण्यात हॉस्पिटलमध्ये आहेस. बाइकवरून पडलास, पायाला लागलंय, बरा होतोयस.” वॉर्डात आल्यावर समोरच्या भिंतीवर हेच मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलं, शेजारी कॅलेंडर. एका वेळी एकच माणूस, तोही थोडा वेळ. टीव्ही बंद. दुखावलेल्या मेंदूला आवाज, उजेड आणि गर्दीने लवकर थकवा येतो, आणि थकला की तो जास्त गोंधळतो. मोबाइल त्याच्या हातात दिला नाही. त्यावरून मला शिव्याही बसल्या. तो आयुष्यात कधी मला शिवी देत नाही. मेंदूचा पुढचा भागच रागाला ब्रेक लावतो, आणि मार तिथेच होता. हे माहीत असूनही लागतं ते लागतंच.

नातेवाइकांना थांबवणं सगळ्यात अवघड गेलं. साताऱ्याहून गाडी करून आलेल्या माणसांना ‘आत जाऊ नका’ कसं म्हणायचं? शेवटी ते काम सासऱ्यांनी घेतलं. बाबा खाली कँटीनमध्ये बसायचे, येणाऱ्याला चहा पाजायचे आणि तिथूनच वाटेला लावायचे.

मी एक वही केली होती. सुरुवातीला त्यात औषधं, रिपोर्ट, कोणते डॉक्टर किती वाजता काय म्हणाले एवढंच. हे जरूर करा, कारण हाडाचे वेगळे, डोक्याचे वेगळे, भूलतज्ज्ञ वेगळे, आणि तिघं एकाच वेळी कधीच भेटत नाहीत. घरच्यांपैकी एकानेच डॉक्टरांशी बोलायचं आणि बाकीच्यांना ग्रुपवर कळवायचं, नाहीतर एका वाक्याची चार रूपं होतात.

पैशांचं थोडक्यात. रस्ता अपघात म्हटल्यावर हॉस्पिटल एमएलसी नोंदवतं आणि पोलिसांना कळवतं. यात घाबरण्यासारखं काही नाही, तो नंबर लिहून ठेवा, विम्याला लागतो. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने कॅशलेस योजना अधिसूचित केली आहे: नेमून दिलेल्या हॉस्पिटलमध्ये अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार. आम्हाला कोणी सांगितलं नाही, तुम्ही काउंटरवर विचारा. गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो, तो मृत्यू किंवा कायमच्या मोठ्या अपंगत्वासाठी. हॉस्पिटलचं बिल त्यातून मिळत नाही. आरोग्य विम्याच्या डिस्चार्ज मंजुरीला नियमाने तीन तास आहेत, पण ते हॉस्पिटलने कागद पाठवल्यापासून मोजतात. आमच्याकडे कागदच दुपारी तीनला गेले. सकाळपासून काउंटरवर जाऊन ‘पाठवलं का?’ विचारत राहिले असते तर संध्याकाळ वाचली असती.

आता परत वहीकडे. चौथ्या दिवशी पायाचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर प्रश्न बदलला. “तू ठीक आहेस ना? तू मागं बसली होतीस ना?” मी बाइकवर नव्हतेच. पण अपघाताच्या आसपासचा तुकडा त्याच्याकडे नव्हता, आणि रिकामी जागा मेंदू स्वतःच भरतो. खोटं बोलत नसतो तो, त्याला ते खरंच वाटत असतं. दिवसभर तो घाबरून माझे हात तपासायचा, कुठे लागलंय का बघायचा. आणि मी उत्तर द्यायचे, “मी घरी होते. मला काही झालं नाही.” हे वाक्य किती वेळा म्हटलं ते मी वहीत रेघा मारून मोजायला लागले. का, माहीत नाही. बहुतेक हाताला काहीतरी काम हवं होतं. सहाव्या दिवशी एकवीस रेघा. सातव्या दिवशी बावीस. आठव्या दिवशी नऊ. नवव्या दिवशी दुपारी त्याने विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, “घरी होतीस. सांगितलंयस तू.”

मी सिस्टरला हाक मारायला पळाले. मावशी फरशी पुसत होत्या, त्या ओरडल्या, “अहो ताई, ओलंय, पडाल!”

असली वही ठेवायची पद्धत स्कँडिनेव्हियाच्या आयसीयूंमध्ये आधीपासून आहे, हे मला नंतर कळलं. तिथे नर्स आणि घरचे मिळून पेशंटसाठी रोजनिशी लिहितात, म्हणजे बरा झाल्यावर हरवलेले दिवस त्याला वाचता येतात. ते दिवस आठवत नाहीत म्हणजे नीट परत येतील असं नाही. बहुतेक येतच नाहीत, कारण ते साठवलेच गेलेले नसतात.

घरी येऊन दीड महिन्याने, वॉकरवर असताना, त्याने वही मागितली. रेघांच्या पानावर थांबला. “हे काय?” मी सांगितलं. मग सातच्या आत येण्याचंही सांगितलं, कारण त्या फोनचीही त्याला आठवण नव्हती आणि मला वाटलं तर ते कायमचं लपवता आलं असतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “ऐंशीच्या पुढे नव्हतो गं मी. बहुतेक.”

त्या ‘बहुतेक’वर आम्ही दोघं हसलो, आणि मग तो फिजिओच्या व्यायामाला बसला. गुडघा तेव्हा नव्वद अंशांपर्यंत वाकत होता.