जिन्याखालचं पिंप

काही वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये, लेस्टरला, कॉलेजातल्या जुन्या मित्राकडे महिनाभर राहिलो होतो. पहिल्याच रात्री झोप लागेना. सगळं घर निजलेलं आणि जिन्याखालून आवाज, ‘बुडुक... बुडुक...’ वाटलं, कुठेतरी नळ गळतोय. सकाळी विचारलं तर मित्र हसला. म्हणाला, “अरे, माझी बिअर श्वास घेतेय!”

मी न पिणारा माणूस. धर्माने मना केलेलं आणि घरच्या वळणानेही. पण कुतूहलाला कुणी बंदी घातलेली नाही. मी पिंपासमोर मांडी घालून बसलो आणि मित्राने धडा सुरू केला.

बिअरला मुळात चार गोष्टी लागतात. मोड आणून वाळवलेलं सातू, म्हणजे माल्ट. पाणी. हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं. आणि यीस्ट. मुळापासून करायची तर अख्खा दिवस मोडतो. माल्ट भरडायचं, साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं, म्हणजे त्यातल्या पिठाची साखर होते. मग गाळायचं, हॉप्स घालून उकळायचं, निववायचं. किटमध्ये हा खटाटोप कारखान्याने आधीच उरकलेला असतो. हॉप्स घातलेला तो रस काकवीसारखा आटवून डब्यात भरलेला आणि सोबत यीस्टची पुडी.

घरी उरतं ते थोडंच. पावणेदोन किलोच्या आसपासचा डबा गरम पाण्यात विरघळवायचा, किलोभर साखर घालायची, गार पाणी ओतून २३ लिटर करायचं, वर यीस्ट भुरभुरायचं. अर्ध्या तासाचं काम. पुढे आठवडाभर यीस्ट साखर खात राहतं, तिची दारू आणि कार्बन डायऑक्साइड होतो. तो वायू झाकणावरच्या पाणी भरलेल्या नळीतून बाहेर पडतो, तोच माझ्या झोपेवर आलेला बुडबुडा! आमच्या कोकणातल्या घरी सांदणाचं पीठ ज्याने फुगतं, तेच हे यीस्ट. पिठातला वायू आपण सांदणात अडकवतो. इथे तो सोडून देतात.

सोप्या कामातही दोन पथ्यं आहेत. पहिलं स्वच्छतेचं. पिंप, चमचा, बाटल्या, सारं जंतुनाशकाने धुवायचं. नाहीतर भलतेच जंतू शिरून सगळं आंबट होतं. दुसरं धीराचं. हायड्रोमीटर नावाची काचेची नळी रसात तरंगत ठेवतात. साखर असेतो ती वर राहते, साखर संपत गेली की खाली बुडते. आकडा सलग दोन-तीन दिवस हलला नाही, तरच बाटल्या भरायच्या. फेसासाठी प्रत्येक बाटलीत थोडी साखर घालतात. घाई केली किंवा साखर जास्त पडली, तर आतल्या वायूच्या दाबाने बाटली फुटते. मित्राच्या पहिल्या खेपेला तीन फुटल्या होत्या. नशीब, तेव्हा जवळपास कुणी नव्हतं.

इंग्लंडमध्ये ही मोकळीक सहज आलेली नाही. १८८० साली ग्लॅडस्टनच्या सरकारने माल्टवरचा कर काढून बिअरवर बसवला, तेव्हापासून घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना लागू लागला. १९६३मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. घरापुरती करा, विकू मात्र नका, असा तो मामला. अमेरिकेत तशी सूट देणाऱ्या कायद्यावर जिमी कार्टर यांची सही १९७८मध्ये झाली. आपल्याकडे महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. तेव्हा हे वाचून कुणी पिंप आणायला निघू नये!

धडा संपला. मित्र कौतुकाने बाटल्या मोजून दाखवत होता, पंचेचाळीस भरल्या. तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, पूर्वी हे शनिवारी पबमध्ये जायचे. थंडीत कोट चढवा, चालत जा, पैसे मोजा. कधी कंटाळून घरीच बसायचे. आता काय, जिना उतरला की झालं. शनिवार रोजच येतो.”

मित्र काही बोलला नाही. मीही नाही. न पिणाऱ्याने उपदेश करणं फार सोपं असतं, म्हणून तो करू नये. पण ते वाक्य माझ्यासोबत परत आलं. सोय म्हणजे काय, तर इच्छा आणि वस्तू यांच्यामधलं अंतर कमी करणं. त्या अंतरातच माणसाला ‘आज नको’ म्हणायला सवड मिळत असते. यीस्टला आठवडा द्यावाच लागतो, त्याला कुठल्याही किटने घाई करता आलेली नाही. घाई आपल्याला झालेली असते.

वर्षभराने मित्राचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, “पिंप अजून जिन्याखालीच आहे. बाटल्या मात्र बागेच्या टोकाला शेडमध्ये हलवल्यात. पावसात तिथवर जायचं जिवावर येतं रे.”

इंग्लंडात पाऊस बराच पडतो, ही गोष्ट त्या दिवशी मला पहिल्यांदाच बरी वाटली.